वीस मीटरवरचा रानरेडा

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, डार्विन शहराच्या पूर्वेला, आर्नहेम लँड नावाचा विस्तीर्ण मुलूख आहे. मे महिन्यात पावसाळा सरला की तिथली पाण्याखालची मैदानं हळूहळू उघडी पडतात. पांढऱ्या, पापुद्रे सुटणाऱ्या सालीच्या पेपरबार्क झाडांखाली डबकी उरतात आणि भर दुपारी त्या डबक्यांत काळ्या-करड्या पाठी दिसू लागतात. एखादा कान फडफडतो, शेपटी पाण्यावर फटकन आपटते, नाकपुड्यांतून लांब सुस्कारा निघतो. मराठी माणसाला या प्राण्याची ओळख करून द्यायला नको. ही म्हैस आहे.

आपल्या पंढरपुरी, नागपुरी किंवा मुऱ्हा म्हशीची ती सख्खी नव्हे, पण चुलत बहीण नक्की. आपल्याकडच्या म्हशी नदीकाठच्या गटातल्या, तिथल्या दलदलीच्या गटातल्या. आपलीच्या पेशीत ५० गुणसूत्रं, तिच्या पेशीत ४८. बाकी चिखलाची ओढ, डुंबण्याची हौस आणि मान पुढे काढून वास घेण्याची लकब तीच. फरक एवढाच, की आपल्या म्हशीच्या पाठीवर बसून पोर ओढ्यापर्यंत जातं आणि तिथल्या म्हशीच्या गळ्यात पावणेदोनशे वर्षांत दावं पडलेलं नाही. तिथला रेडा हजार किलोपर्यंत भरतो. शिंगं मागे वळलेली, टोकं लांब पसरलेली. असा रेडा माणूस पाहून नेहमीच पळतो असं नाही.

त्या रेड्याच्या वीस पावलांवर जाऊन, हातात लाकडी धनुष्य घेऊन, एका बाणात त्याला पाडण्याचा प्रयत्न करणारी माणसं आजही आहेत. हे ऐकलं की आधी अविश्वास वाटतो. तीसेक किलोचा भार बोटांवर ओढायचा, त्यातून निघणार तो पन्नास-साठ ग्रॅमचा बाण, आणि समोर हजार किलोचं धूड. हे जमतं कसं, याचं उत्तर मला थक्क करणारं वाटलं, आणि तेच इथे सविस्तर मांडायचं आहे.

आधी रेडा तिथे पोचला कसा ते पाहू. इंग्रजांनी १८२४ पासून पुढच्या पंचवीस वर्षांत ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर तीन वसाहती बसवून पाहिल्या. पहिली मेलव्हिल बेटावर, दुसरी रॅफल्स उपसागरात, तिसरी १८३८ मध्ये पोर्ट एसिंग्टनला. मांस आणि ओझ्याच्या कामासाठी तिमोर आणि आसपासच्या बेटांवरून म्हशी आणल्या गेल्या. सगळ्या मिळून शंभरही नसतील. ताप, वादळं आणि एकटेपणा यांनी तिन्ही वसाहती खाल्ल्या. शेवटची १८४९ मध्ये सोडून दिली गेली. माणसं जहाजात बसून निघून गेली, जनावरं तिथेच राहिली.

काही म्हशी तर त्याआधीच रानात गेल्या होत्या. जर्मन संशोधक लुडविग लाइकहार्ट क्वीन्सलँडकडून चौदा महिने पायपीट करत डिसेंबर १८४५ मध्ये पोर्ट एसिंग्टनला पोचला. मुक्कामाच्या अलीकडेच त्याच्या उपाशी तुकडीला रानातल्या म्हशी भेटल्या. त्यातली एक मारून त्या माणसांनी पोट भरलं. मोकाट म्हैस दिसली म्हणजे माणसांची वस्ती जवळ आली, एवढा त्यातून धीर आला असेल, हे मला सहज समजतं.

पुढे ही जनावरं वाढली. वाघ नाही, सिंह नाही, रानकुत्रे काय ते वासरांना त्रास देणार, आणि पाणी-गवत अमाप. १८८०च्या दशकापासून कातड्याचा धंदा सुरू झाला. घोड्यावरून धावत्या म्हशीशेजारी येऊन बंदूक झाडणारे शिकारी, आणि मागून येऊन कातडी सोलणारी, मीठ लावणारी तिथली आदिवासी माणसं, असा तो धंदा १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालला. मग बाजार पडला आणि म्हशींची संख्या पुन्हा चढली. १९८५ च्या सुमारास हवाई पाहणीत ती साधारण ३,४०,००० धरली गेली. पश्चिम आर्नहेम लँडच्या कुन्विंज्कू भाषेत म्हशीला 'न्गानाब्बारू' हा शब्द रुळला आहे आणि झाडाच्या सालींवरच्या चित्रांत कांगारू, बारामुंडी माशाबरोबर म्हैसही येऊन बसली आहे. दोनशे वर्षांत एक परदेशी जनावर भाषेत आणि चित्रात इतकं मुरावं, हीच एक नवलाची गोष्ट.

धनुष्य मात्र त्या मातीतलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या आदिवासींनी हजारो वर्षं भाला आणि तो लांब फेकायची 'वूमेरा' नावाची काठी वापरली. उत्तरेला, टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर बांबूची धनुष्यं होती, न्यू गिनीत तर होतीच, पण मुख्य भूमीवर ती रुजली नाहीत. तेव्हा आज आर्नहेम लँडच्या डबक्याकाठी जी भेट होते ती दोन पाहुण्यांची. रेडा तिमोरकडून आलेला आणि धनुष्य त्याहून लांबून.

ते लांबून आलेलं धनुष्य एका माणसाच्या हातून आजच्या शिकाऱ्यांपर्यंत पोचलं, असं म्हणायला हरकत नाही. कॅलिफोर्नियात १९११ मध्ये ओरोव्हिल गावच्या खाटीकखान्याच्या आवारात एक उपाशी, एकटा माणूस सापडला. याही या जमातीचा तो अखेरचा. त्याने आपलं नाव सांगितलं नाही. मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला त्याच्याच भाषेतला 'माणूस' या अर्थाचा शब्द दिला, इशी. विद्यापीठाच्या संग्रहालयात राहत असताना सॅक्स्टन पोप नावाचे शल्यवैद्य त्याच्यावर उपचार करत. दोघांची मैत्री जमली. इशीने पोपना धनुष्य घडवायला, बाण सरळ करायला, आणि मुख्य म्हणजे जनावराच्या जवळ जायला शिकवलं. इशी १९१६ मध्ये क्षयाने गेला. पोप आणि त्यांचे सोबती आर्ट यंग पुढे या विद्येमागे लागले. पोपनी १९२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९२५ मध्ये दोघे आफ्रिकेत सिंहांमागे गेले. त्यांच्यानंतर हॉवर्ड हिल आणि फ्रेड बेअर यांनी विसाव्या शतकात मोठ्या जनावरांवरची धनुर्विद्या जिवंत ठेवली. हिल यांनी एरल फ्लिनच्या १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातही बाण चालवले होते. आजचे ऑस्ट्रेलियन लाकडी धनुष्यवाले याच घराण्याचे चेले म्हणायचे.

आता 'पारंपरिक' धनुष्य म्हणजे काय तेही सांगायला हवं. साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपद मिळवलं ते कंपाउंड धनुष्यावर. त्या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात. दोरी पूर्ण ताणली की चाकं फिरून भार अगदी थोडा उरतो, मग शांतपणे नेम धरता येतो. डोळ्यासमोर नेमाची खूण असते आणि दोरी सोडायला चाप. त्यातलं कसब वेगळं आणि अफाट आहे. पारंपरिक धनुष्यात यातलं काही नसतं. आपल्या नंदुरबार-पालघरकडचा तिरकमठा डोळ्यांपुढे आणा. एक वाकलेली काठी आणि एक दोरी. रेड्यासाठी लागणाऱ्या धनुष्याचा ताण साधारण ६० ते ८० पौंड, म्हणजे २७ ते ३६ किलो असतो. तांदळाच्या गोणीएवढं वजन तीन बोटांच्या पेरांवर ओढायचं, आणि जितकं जास्त ओढाल तितका भार वाढतच जाणार. पूर्ण ताणावर दीड-दोन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. थांबलं की दंड थरथरतो आणि बाण भरकटतो.

नेमाची खूण नसताना मारायचं कसं? चेंडू फेकताना आपण कोन मोजत नाही, नजर जिथे तिथे हात जातो, तसं. म्हणून हे तिरंदाज रेड्याकडे बघत नाहीत, रेड्यावरच्या एका केसाच्या भोवऱ्याकडे, सुकलेल्या चिखलाच्या एका खपलीकडे बघतात. सगळं जनावर बघितलं तर बाण जनावरभर कुठेही लागतो, असं या लोकांत म्हणतात.

वीस मीटरच का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो, पण तो करण्यासारखा आहे. जड बाण लाकडी धनुष्यातून सेकंदाला साधारण ४५ मीटर वेगाने निघतो. वीस मीटर जायला त्याला ०.४४ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू पृथ्वीच्या ओढीने सुमारे ९५ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे बाण सरळ जातोय असं दिसतं तेव्हा तो खरं तर कमान काढत असतो, आणि तिरंदाजाचा हात ती कमान न मोजता भरून काढतो. आता समजा रेडा वीस मीटरवर आहे असं वाटलं आणि होता तो पंचवीसवर. बाण फूटभर खाली लागणार. फूटभर खाली म्हणजे फुप्फुसाऐवजी पायाचं हाड किंवा नुसती हवा. पाच मीटरची चूक गवताळ मैदानात कुणाच्याही डोळ्यांची होते. म्हणून अंतर कमी करणं हाच एक मार्ग उरतो.

शिवाय आवाज आहे. दोरी सुटल्याचा टणत्कार सेकंदाला ३४० मीटर वेगाने धावतो आणि ०.०६ सेकंदात रेड्याच्या कानी पडतो, बाण अजून वाटेतच असतो. हरणं त्या आवाजाने खाली दबतात आणि बाण पाठीवरून जातो. रेडा तेवढा चपळ नाही, पण तो पाऊल टाकू शकतो. म्हणून दोरीला लोकरीचे गोंडे बांधतात आणि बाण जड ठेवतात. बाण जड असला तर धनुष्याची जास्त ताकद बाणात जाते आणि कमी ताकद आवाजात वाया जाते.

बाणाच्या जोराचा आकडा पाहिला तर चकित व्हायला होतं. ५८ ग्रॅमचा बाण ४५ मीटर वेगाने निघाला की त्याची ऊर्जा भरते सुमारे ५९ ज्यूल. ताशी १४० किलोमीटर वेगाने आलेल्या क्रिकेटच्या चेंडूची ऊर्जा सुमारे १२० ज्यूल असते. म्हणजे फलंदाजाच्या बरगडीवर बसणाऱ्या चेंडूच्या निम्माच जोर. चेंडूने रेडा फार तर मान वळवेल. बंदुकीची गोळी हजारो ज्यूल घेऊन येते आणि धक्क्याने मांस फाडते. बाण धक्क्याने काहीच करत नाही, तो कापतो. सुरीला जोर लागत नाही, धार लागते. बाणाचं सगळं सामर्थ्य टोकावरच्या त्या दोन-तीन इंच पोलादात आहे.

याच मुद्द्यावर एड ॲशबी या शिकाऱ्याने वर्षानुवर्षं काम केलं. १९८०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात त्यांनी नुकत्याच मेलेल्या मोठ्या जनावरांवर वेगवेगळे बाण मारून ते किती आत जातात ते मोजलं आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या म्हशींवरही तसेच प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष आज या क्षेत्रात पाठ असतात. बाण कुठेही वाकू किंवा मोडू नये, ही पहिली अट. तो सरळ उडावा, शेपूट हलवत जाऊ नये. वजन टोकाकडे जास्त असावं. जाड हाड भेदायचं तर बाण ४२ ग्रॅमच्या वर असावा, कारण त्याखाली हाडाला अडण्याचं प्रमाण एकदम वाढतं. आणि पातं दोनच धारांचं, अरुंद आणि लांब असावं. हॉवर्ड हिल तर रुंदीच्या तिप्पट लांबीचं पातं वापरत. तीन-चार पात्यांचं टोक दिसायला भयंकर, पण बरगडीत अडकतं.

ॲशबींनी ज्या पात्याची सर्वांत जास्त शिफारस केली ते एकाच अंगाने घासलेलं असतं, सुताराच्या पटाशीसारखं. पटाशी लाकडात जाताना एका बाजूला वळते हे ज्याने पाहिलंय त्याला हे लगेच उमजेल. असं पातं हाडात शिरताना मळसूत्रासारखं फिरतं आणि हाडाला भोक पाडण्याऐवजी त्याला चीर पाडतं. म्हणून बाणाची पिसंही त्याच दिशेने वळवून चिकटवतात, म्हणजे हवेतला फिरका आणि हाडातला फिरका एकमेकांविरुद्ध जात नाहीत. तीनही पिसं टर्कीच्या एकाच अंगाच्या पंखांतली. डाव्या पंखाचं एक आणि उजव्याचं दोन असं केलं की बाण गोंधळतो. पिसं भिजली की निकामी, त्यामुळे चिखलात सरपटताना भाता पोटाखाली येणार नाही याची काळजी जिवापाड घेतात.

रात्री छावणीत सगळ्यात जास्त वेळ जातो तो पाती घासण्यात. कानस, मग दगड, मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट. हाताच्या मनगटावरचे केस कोरडे, न ओढता निघाले म्हणजे धार लागली. बोथट पातं रक्तवाहिनीला बाजूला सारून पुढे जातं, धारदार पातं तिला कापतं. जनावर मिनिटाच्या आत पडणार की दिवसभर तडफडत फिरणार, हे त्या केसांवर ठरतं. म्हणून धार लावण्यात कुचराई करणाऱ्या तिरंदाजाबद्दल मला जराही सहानुभूती वाटत नाही.

रेड्याची छाती मुळातच भेदायला अवघड. चिखल सुकून बसलेली जाड कातडी, तिच्याखाली रुंद बरगड्या आणि त्यांच्यामधली फट अगदी थोडी. समोरून बाण मारायचाच नाही, कपाळ आणि छातीची ढाल आत काही जाऊ देत नाही. रेडा आडवा उभा हवा, किंवा किंचित पाठमोरा, आणि पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला. पाय पुढे गेला की फऱ्याचं हाडही पुढे सरकतं आणि त्यामागची फुप्फुसांवरची जागा मोकळी होते. ताटाएवढी ती जागा. तिच्यासाठी अर्धा-अर्धा तास एका गुडघ्यावर थांबावं लागतं.

तिथवर जायचं ते वाऱ्याच्या हिशेबाने. रेड्याची नजर मध्यम, कान तिखट, पण नाकापुढे सगळं व्यर्थ. शिकाऱ्याच्या खिशात बारीक पुडीची बाटली असते. दर काही पावलांनी ती दाबायची आणि पांढरा धूर कुठे वाहतो ते बघायचं. दुपारी डबक्यावरचा वारा गिरक्या घेतो. मानेच्या मागच्या बाजूला गार वाटलं, म्हणजे वारा पाठीवर आला, की संपलं. रेडा मान वर काढतो, नाक आडवं धरतो आणि पाणी ढवळत निघून जातो. आडोसा म्हणून वाळवीची माणसाहून उंच वारुळं फार कामाची. एका वारुळापासून दुसऱ्या वारुळापर्यंत, वाळलेलं गवत न मोडता, बूट काढून मोज्यांवर चालत जाणारे तिरंदाज आहेत. बहुतेक पाठलाग बाण न सोडताच संपतात. पाण्यात खाऱ्या पाण्यातली मगर असू शकते, ही चिंता निराळी.

बाण बरोबर लागला तर फारसं नाट्य होत नाही. रेडा दचकतो, दहा-वीस ढांगा टाकतो, थांबतो, मागे वळून बघतो. काय झालं ते त्याला कळलेलं नसतं. दोन्ही फुप्फुसं कापली गेली असतील तर थोड्याच वेळात पाय लटपटतात. जमिनीवर पडलेलं रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर घाव फुप्फुसात, गडद असेल तर मागे कुठेतरी. दुसऱ्या वेळी तासन्‌तास थांबायचं, कारण जखमी रेड्यामागे लगेच गेलं तर तो गवतात उलटा फिरून उभा राहतो. सोबतच्या वाटाड्याकडे मोठी बंदूक असतेच. ती वापरावी लागली तर त्यात कमीपणा मानणं चुकीचं, जनावराच्या वेदना लांबवण्यापेक्षा ते शंभरपट बरं. आदिवासींच्या मालकीच्या जमिनीवर त्यांची परवानगी आणि मोबदला याशिवाय पाऊल टाकता येत नाही. मांसही वाया जात नाही, त्या भागात म्हशीचं मांस आवडीने खाल्लं जातं.

म्हशी मारायच्याच कशाला, हा प्रश्न आपल्याकडे कुणीही विचारील. त्याचं उत्तर जमिनीवर दिसतं. म्हशी रोज एकाच वाटेने पाण्यात उतरतात, त्या वाटांचे चर होतात. किनाऱ्याजवळच्या सपाट मैदानात असे चर समुद्राच्या खाडीला जाऊन मिळाले की भरतीचं खारं पाणी गोड्या पाणथळीत घुसतं आणि पेपरबार्कची रानंच्या रानं उभी सुकतात. त्यात म्हशींत क्षय पसरलेला. गुरांतला क्षय आणि ब्रुसेलोसिस संपवण्याची देशव्यापी मोहीम १९७० मध्ये सुरू झाली आणि १९९७ मध्ये ऑस्ट्रेलिया गुरांच्या क्षयापासून मुक्त जाहीर झाला. त्या काळात हेलिकॉप्टरमधून लाखो म्हशी मारल्या किंवा हाकून नेल्या गेल्या. काकाडू राष्ट्रीय उद्यानात म्हशी कमी झाल्यावर पाणथळींत कमळं परतली. मोहीम थांबल्यावर संख्या पुन्हा वाढली आणि आज ती लाखाच्या वर आहे. धनुष्याने यात काही फरक पडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. एका आठवड्यात एखादा रेडा मारणारा तिरंदाज पाणथळ वाचवतो असा दावा कुणी केला तर तो मानू नये. पाणथळ हेलिकॉप्टरने वाचते. धनुष्याचं मोल दुसऱ्या ठिकाणी आहे. एक जनावर मारायचं तर त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येईल इतकं जवळ जायचं, हा दंडक ते माणसाला घालून देतं.

परदेशात वाढलेलं जनावर मूळ घरी मात्र विरळ होतं, असंही घडतं. पोर्ट एसिंग्टनला १८४९ मध्ये म्हशींच्या पाठोपाठ बांटेंग जातीची वीस गुरंही आली होती. त्यांची वीण आज त्याच द्वीपकल्पावर हजारोंनी आहे, आणि आग्नेय आशियातल्या त्यांच्या मूळ रानांत मात्र ती संपत चालली आहेत. म्हशीचंही तसंच. सगळ्या पाळीव म्हशींचा पूर्वज असलेला खरा रानरेडा जगात ४,००० च्या आत उरला आहे, त्यातले बहुतेक आसामात. मध्य भारतात इंद्रावतीच्या खोऱ्यात मूठभर आहेत आणि महाराष्ट्रात ते दिसतात ते फक्त गडचिरोलीच्या सिरोंचा भागात. तिथल्या कोलामार्काला २०१३ मध्ये त्यांच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वाघाला जे संरक्षण आहे तेच या रेड्याला आहे, आणि वनरक्षक चिखलातले त्याच्या खुरांचे ठसे मोजत फिरतात.